रक्ताचे माप

आपल्या भाषेला माणसाच्या अंगातले रक्त मोजण्याची भारी हौस आहे. परीक्षेच्या दिवसांत मुलगा जरा सुकला, की आजी म्हणायची, "पोराचं शेरभर रक्त आटलं गं!" लेक माहेरी आली, चार दिवस आयते जेवली, की तिच्या अंगात पावशेर रक्त चढलेच म्हणून समजावे. कुणी कष्ट केले तर त्याने रक्ताचे पाणी केले, कुणाला राग आला तर त्याचे रक्त उसळले, आणि गावातल्या सावकाराने तर कित्येकांचे रक्त शोषलेले असायचे. शेर आणि पावशेर ही मापे बाजारातून केव्हाच हद्दपार झाली. आजीच्या तोंडून मात्र ती शेवटपर्यंत गेली नाहीत. तिने ही मापे कुठल्या तराजूत घातली होती, हे विचारायचे धाडस घरात कुणालाच नव्हते.

आम्हा कादंबरी लिहिणाऱ्यांचेही तसेच. आम्ही 'रक्ताचे थारोळे' लिहितो, 'रक्ताचे पाट' वाहवतो, आणि चौथ्या प्रकरणात असा पाट वाहिलेला नायक सातव्या प्रकरणात घोड्यावर बसून गडाकडे दौडत जातो. वाचक काही बोलत नाही. वाचक मोठ्या मनाचा असतो.

पण वर्गातली मुले तितक्या मोठ्या मनाची नसतात. मी मॅट्रिक झालेला मास्तर. भाषा शिकवतो आणि गरज पडली की विज्ञानाचा तासही घेतो. एकदा मी पाठ्यपुस्तकातले वाक्य वाचून दाखवले, की प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "गुरुजी, हे मोजलं कुणी? सगळं रक्त बाहेर काढल्याशिवाय मोजणार कसं? आणि सगळं काढलं तर तो माणूस मरेल की!"

वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. प्रश्न इतका सरळ होता, की त्याचे उत्तर शोधण्याशिवाय गत्यंतर नव्हते. मी शोधू लागलो, आणि हाती जे आले ते एखाद्या कादंबरीपेक्षा कमी रंगतदार नव्हते. तेच आज तुम्हाला सांगायला बसलो आहे.

या प्रश्नाचा पहिला हिशेब मांडला तो इंग्लंडच्या विल्यम हार्वे या वैद्याने. त्याचे पुस्तक १६२८ साली निघाले. त्या काळी समज असा होता, की आपण खातो त्या अन्नाचे यकृतात रक्त बनते, ते अंगभर पसरते आणि शेतात सोडलेल्या पाण्यासारखे तिथेच जिरून जाते. हार्वेने भांडण केले नाही. त्याने फक्त गुणाकार केला. हृदयाच्या एका ठोक्याला समजा अर्धाच औंस रक्त बाहेर पडते. अर्ध्या तासात ठोके पडतात निदान हजार. म्हणजे अर्ध्या तासात ५०० औंस, आपल्या हिशेबाने १४-१५ किलो रक्त झाले! एवढे रक्त अर्ध्या तासात नवे बनेल इतके अन्न कोण खातो? आणि खाटीक तर सांगतात, की धमनी कापली तर पाव तासाच्या आत अख्ख्या बैलाचे रक्त संपते. तेव्हा रक्त जिरत नाही, तेच ते पुन्हा पुन्हा फिरते. एका गुणाकाराने दीड हजार वर्षांची समजूत उलथून पडली. आता आपल्याला ठाऊक आहे, की एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर आणि मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त हृदयातून जाते. म्हणजे अंगातले जवळजवळ सगळे रक्त मिनिटाभरात एक फेरी मारून येते. मी हे वाचले तेव्हा रहाटगाडग्याचीच आठवण झाली. पोहरे भरतात, रिते होतात, पण विहिरीत पाणी किती आहे हे काही गाडगे सांगत नाही.

विहिरीतले पाणी मोजायचे तर ती उपसावी लागते. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी अगदी तेच केले. सणासुदीच्या अंकात हे सांगावे की नाही, असे क्षणभर वाटले. पण त्या मुलीच्या प्रश्नाचे हे पहिले खरे उत्तर आहे, म्हणून सांगतो. देहान्ताची शिक्षा झालेल्या माणसांचे वजन शिरच्छेदाआधी आणि नंतर करायचे, आणि मधला फरक म्हणजे रक्त. पण सगळे रक्त काही बाहेर पडत नाही. बारीक नसांतून बरेच उरते. म्हणून मग शिरांतून पाणी सोडायचे, ते रंगहीन होईपर्यंत सोडत राहायचे आणि त्या लालसर पाण्यात रक्त किती, हे रंगावरून ताडायचे. वेल्कर नावाच्या शास्त्रज्ञाने ही रंग जुळवण्याची रीत बसवली, आणि १८५० नंतरच्या त्या दशकात बिशॉफने ती वापरून आकडा काढला: माणसाच्या वजनाच्या तेराव्या हिश्श्याइतके रक्त. हा तेरावा हिस्सा पुढे कित्येक वर्षे वैद्यकाच्या पुस्तकांत छापला जात होता. त्याच्या पाठीमागे कोण माणसे उभी होती, त्यांची नावे मात्र त्या पुस्तकांत कुणी छापली नाहीत.

पण मुलीचा प्रश्न अजून पुराच होता. जिवंत माणसाचे रक्त कसे मोजायचे? विहीर न उपसता पाणी कसे मोजायचे?

याचे उत्तर मी वर्गात शाईने दिले. शाळेतला मोठा हंडा घेतला. शिपायाने त्यात किती पाणी ओतले हे मला ठाऊक नव्हते, मुलांना तर नव्हतेच. त्यात निळ्या शाईचे १० मिलिलिटर टाकले, खूप ढवळले आणि एक पेला भरून काढला. मग दुसऱ्या भांड्यात एकच मिलिलिटर शाई घेतली आणि तिचा रंग पेल्यातल्या रंगाइतका फिका होईपर्यंत मुलांनी मापून मापून पाणी घातले. दोन्ही रंग खिडकीपाशी धरून भांडणे झाली. 'अजून गडद आहे', 'नाही, फिका झाला'. अखेर सगळ्यांचे एकमत झाले तेव्हा भांड्यात १२०० मिलिलिटर झाले होते. एका भागाला १२००, तर दहा भागांना १२०००. हंड्यात १२ लिटर पाणी! मग लिटरच्या मापाने हंडा रिकामा केला. बारा मापे भरून थोडे उरले. त्या दिवशी मुलांना जो आनंद झाला, तो त्यांना माझ्या एकाही कवितेच्या तासाला झाल्याचे स्मरत नाही.

जिवंत माणसाचे रक्त मोजण्याच्या साऱ्या युक्त्या म्हणजे हा शाईचा हंडाच. माहीत असलेल्या मापाची एखादी वस्तू रक्तात टाकायची, ती नीट मिसळू द्यायची, मग एक थेंब काढून ती किती पातळ झाली हे पाहायचे. खरी अडचण एकच: शाई कुठली वापरायची? ती विषारी नसावी, भांड्याला चिकटू नये, आणि भांडे गळके असेल तर तिने गळूनही जाऊ नये.

इंग्लंडमधल्या जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी लॉरेन स्मिथ या सहकाऱ्याबरोबर १९०० च्या सुमारास जी शाई वापरली, ती ऐकून अंगावर काटा येतो. ती होती कार्बन मोनॉक्साइड. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेली माणसे ज्याने मरतात, तोच हा वायू! आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरते. म्हणून तो मारतो. आणि नेमके म्हणूनच, थोडा दिला तर, तो रक्त मोजायच्या कामी येतो. कारण एकदा धरलेला वायू हिमोग्लोबिन सहजी सोडत नाही. पिशवीतून अगदी मोजका वायू श्वासावाटे घ्यायचा, मग बोटाला सुई टोचून थेंब काढायचा, आणि त्याची गुलाबी छटा किरमिजी रंगाच्या द्रावणाशी जुळवून पाहायची. माझ्या विद्यार्थ्यांनी खिडकीपाशी केले तेच. त्यांचा आकडा वजनाच्या विसाव्या हिश्श्याच्या आसपास आला. पुढच्या रीतींनी तो कमी ठरला, पण जिवंत, हसत्या-बोलत्या माणसाचे रक्त मोजता येते हे त्यांनी दाखवून दिले.

या हॉल्डेनसाहेबांचा खरा संसार कोळशाच्या खाणींत होता. खाणीत विषारी वायू आहे की नाही हे कळावे म्हणून पिंजऱ्यातला लहानसा पक्षी बरोबर न्यावा, ही सूचना त्यांचीच. ब्रिटनमध्ये ती प्रथा १९८६ पर्यंत चालली. त्यांचा मुलगा तीन-चार वर्षांचा असताना पडला आणि त्याच्या कपाळातून रक्त आले. तेव्हा त्याने रडायचे सोडून विचारले, की हे प्राणवायूचे रक्त आहे की कार्बन मोनॉक्साइडचे? असे सांगतात. घरात जे चालते ते मुलांच्या तोंडी येते. आमच्या घरातली मुले हप्त्यांविषयी बोलतात. हाच मुलगा पुढे जे. बी. एस. हॉल्डेन म्हणून जगप्रसिद्ध झाला, १९५७ साली कलकत्त्याला येऊन राहिला, भारताचा नागरिक झाला आणि १९६४ साली भुवनेश्वरला निवर्तला. जाताना आपला देह त्याने वैद्यकीय शिक्षणासाठी देऊन टाकला. बापाने रक्ताचा हिशेब केला. लेकाने सगळ्या देहाचाच चुकता केला.

मग खरोखरीची शाईही आली. १९१५ साली अमेरिकेत कीथ, राउनट्री आणि जेराटी या तिघांनी तांबडा रंग शिरेत टोचून रक्त मोजले. नंतर निळा रंग आला; हर्बर्ट इव्हान्स या शास्त्रज्ञाच्या नावावरून त्याला 'इव्हान्स ब्लू' म्हणतात. हा रंग रक्तातल्या प्रथिनाला चिकटून बसतो, म्हणून नसांबाहेर चटकन गळत नाही. पण तो मिसळतो फक्त रक्तातल्या पाण्यासारख्या भागात, ज्याला प्लाझ्मा म्हणतात. तांबड्या पेशींत तो शिरत नाही. म्हणजे ताक मोजले, लोणी राहिले! त्यासाठी थोडे रक्त नळीत घालून गरगर फिरवतात. पेशी तळाशी बसतात. समजा १०० भागांत ४५ भाग पेशी आणि ५५ भाग प्लाझ्मा निघाला, आणि रंगाच्या युक्तीने प्लाझ्मा ३ लिटर ठरला, तर सगळे रक्त साडेपाच लिटरच्या जवळ. त्रैराशिकाचे गणित आहे. सातवीच्या मुलाला जमेल.

शेवटची युक्ती जॉर्ज हेवेशी यांची. या हंगेरियन गृहस्थांची १९११ सालची एक गोष्ट मला फार आवडते. मँचेस्टरला ते खानावळीत जेवत. त्यांना दाट संशय, की ताटात उरलेले मांस मालकीणबाई दुसऱ्या दिवशी नव्या पदार्थात घालून वाढतात. बाई म्हणत, "छे हो! रोज ताजं असतं." एके दिवशी हेवेशींनी उरलेल्या अन्नावर किरणोत्सर्गी पदार्थाचा कण टाकला, आणि काही दिवसांनी पानात आलेल्या पदार्थाजवळ ते मोजायचे यंत्र धरले. यंत्राने बाईंची चुगली केली! पुढे हेच गृहस्थ किरणोत्सर्गी फॉस्फरस तांबड्या पेशींना लावून त्या पेशी शरीरात परत सोडू लागले, १९४० साली सशांच्या आणि मग माणसांच्या. १९४३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. खानावळीत उरलेले मांस ज्या युक्तीने हुडकले, तिनेच अंगातले रक्त मोजले. १९५० पासून फॉस्फरसच्या जागी किरणोत्सर्गी क्रोमियमही आले. आणि १९६२ साली नॅडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नुसत्या उंची-वजनावरून रक्ताचा अंदाज देणारे सूत्र बसवले, ते आजही वापरतात.

इथपर्यंत ही सारी गंमत होती. पण मला रक्ताच्या मापाची खरी किंमत कळली ती पुस्तकात नव्हे.

२०११ साली आमची धाकटी मुलगी झाली. तालुक्याच्या ठिकाणी, एका लहान दवाखान्यात. बाळ-बाळंतीण सुखरूप असल्याचा निरोप आला, मी पेढे आणायला निघणार, तोच आत धावपळ झाली. सौ.ला रक्तस्राव होत होता. जुन्याजाणत्या सिस्टर बाहेर येऊन मला धीर देत म्हणाल्या, "घाबरू नका मास्तर, दोन-तीन वाट्या गेलं असेल. बाळंतपणात एवढं जातंच." मला बरे वाटले. आई तर देवाला हात जोडून मोकळी झाली.

पण नुकतीच रुजू झालेली एक तरुण डॉक्टरीणबाई होती. तिने वाट्यांचा हिशेब मानला नाही. तिने भिजलेली सगळी फडकी एका बाजूला जमवायला सांगितली आणि ज्या काट्यावर तासाभरापूर्वी माझ्या मुलीचे वजन केले होते, त्याच काट्यावर ती ठेवली. तेवढीच कोरडी फडकी ठेवून वजा केली. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर. उत्तर आले नऊशेच्या वर. तिने एक क्षण दवडला नाही. औषधे, सलाईन, आणि माझ्या मेहुण्याला मोटारसायकलवर जिल्ह्याच्या रक्तपेढीकडे पिटाळले. त्या रात्री सौ.च्या अंगात तीन अनोळखी माणसांचे रक्त गेले.

पुढे मी वाचले, तेव्हा त्या डॉक्टरीणबाईच्या घाईचा अर्थ लागला. गरोदरपणात बाईच्या अंगातले रक्त जवळजवळ दीडपट होते. निसर्गाने बाळंतपणासाठी बाजूला टाकलेली ही शिल्लक. त्या शिलकेमुळे आणि तरुण वयामुळे बरेच रक्त जाईपर्यंत नाडी, रक्तदाब फारसे काही सांगत नाहीत. बाई बोलते, हसते, बाळाकडे पाहते. आणि मग एकदम कोसळते. अंगात मुळातच रक्त कमी असेल, तर ही शिल्लकही नसते. डोळ्यांना मात्र फडक्यात शोषलेले रक्त नेहमी कमीच दिसते. हा दोष त्या सिस्टरचा नव्हे, डोळ्यांचा आहे.

आणि हे सिद्ध झाले आपल्या शेजारीच, बेळगावात. तिथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर खेड्यापाड्यांतल्या बाळंतपणांचा अभ्यास केला. त्यासाठी त्यांनी प्लास्टिकची एक साधी चादर तयार केली, खाली निमुळती पिशवी आणि पिशवीवर मापाच्या रेघा. बस, एवढेच! १६२० बायकांच्या त्या अभ्यासात बाळंतपणानंतर लगेच मिसोप्रॉस्टॉलच्या गोळ्या दिल्याने जास्त रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आल्याचे २००६ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी हेही छापून आले, की नजरेचा अंदाज या चादरीच्या मापापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी पडतो. पुढे आफ्रिकेतल्या चार देशांत अशीच मापाची चादर आणि मोजल्याबरोबर एकदम करायचे उपचार, असा प्रयोग झाला. २०२३ साली त्याचा निकाल लागला: गंभीर प्रसंग ६० टक्क्यांनी घटले. किरणोत्सर्गी क्रोमियम नाही, निळा रंग नाही. एक प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यावर ओढलेल्या चार रेघा.

माझी ती मुलगी जन्मली तेव्हा तीन किलोची होती. नवजात बाळाच्या अंगात किलोमागे ८० ते ९० मिलिलिटर रक्त असते. म्हणजे तिचे सगळे रक्त अडीचशे मिलिलिटरच्या आसपास, दोन कप चहाइतके. आता ती मापाने कितीतरी वाढली आहे आणि शाळेतून येताना रोज माझ्याशी वाद घालते. रक्त उसळते कसे, याचे प्रात्यक्षिक मला घरीच मिळते.

मी दर चार-सहा महिन्यांनी रक्त द्यायला जातो. पिशवी एका लहान यंत्रावर ठेवलेली असते. ते तिला पाळण्यासारखे हलवत राहते आणि हलवता हलवता वजन करते. ३५० मिलिलिटर झाले की थांबते. माझे वजन ६५ किलो. किलोमागे ७० मिलिलिटर धरले तर माझ्या अंगात ४५५० मिलिलिटर रक्त. भागाकार करून पाहिला, तर पिशवीत जाते ते बरोबर तेरावा हिस्सा! बिशॉफचा आकडा असा पुन्हा भेटला याची मला गंमत वाटली. त्यातला पाण्याचा भाग एक-दोन दिवसांत भरून येतो, पेशी काही आठवड्यांत. म्हणजे आटल्याचे कुठे दिसतसुद्धा नाही.

त्या रात्रीची तीन माणसे कोण होती, हे मला कधीच कळणार नाही. पिशव्यांवर नावे नव्हती. गट, तारीख आणि अंक होते. प्रत्येकाने आपला तेरावा-चौदावा हिस्सा दिला होता, आणि तो त्यांना जाणवलाही नसेल. आमच्या घरात मात्र त्यांच्याशी रक्ताचे नाते आहे. हे नाते मापाचे आहे, आणि मी ते माझ्या बाजूने पिशवी-पिशवीने फेडतो आहे. तीन केव्हाच फिटल्या. तरी खाते बंद करावेसे अजून वाटलेले नाही.